बादलीभर बेडूक

डॉक्टरीणबाईंच्या नावाचा एक बेडूक आहे. चेष्टा नव्हे, शास्त्राच्या पुस्तकात रीतसर छापलेलं नाव आहे. लग्नानंतर कुणाचा नवरा अंगठी देतो, कुणाचा घड्याळ देतो. यांना बेडूक मिळाला, तोही अंगभर चामखिळींचा. दातांच्या दवाखान्यात बसून बाईंनी अख्ख्या गावाला तोंड उघडायला लावलं, पण या बेडकाच्या बाबतीत स्वतःचं तोंड मात्र चाळीस वर्षं घट्ट मिटून ठेवलं.

त्यांचे यजमान डोंगरातल्या बेडकांचे आणि सरड्यांचे मोठे अभ्यासक. सगळे त्यांना नुसतं सर म्हणतात. घरी कुणी आलं, खुर्चीत टेकलं, की सरांची गोष्ट सुरू व्हायची.

"लग्नाला महिना झाला नव्हता. शिखराखालच्या जंगलचौकीत आमचा मुक्काम. वरच्या तळ्यातले बेडूक आणून मी मोजमाप घेतलं, काही अभ्यासाला ठेवले. बाकीचे ज्या पाण्यातून आणले त्याच पाण्यात परत गेले पाहिजेत, हा माझा नियम. आणि नेमका माझा पाय मुरगळला! तर ही, शहरात वाढलेली पोर, बादली उचलून एकटी धुक्यातून वर तळ्यापर्यंत गेली. आता सांगा, त्या जातीला हिचं नाव नाही द्यायचं तर कुणाचं द्यायचं?"

पाहुणे "वा, वा" करायचे आणि बाई चहा टाकायला आत जायच्या. दर वेळी. यांना नेमका तेव्हाच चहा कसा आठवतो, असं कधी कुणाच्या मनात आलं नाही.

खरी गोष्ट अशी होती, की बाई त्या दिवशी वर गेल्याच नव्हत्या. चौकीच्या मागे एक दगडी हौद होता. त्यात बादली उपडी केली आणि मोकळ्या झाल्या. एवढ्याशा गोष्टीचं पुढे एवढं होईल, हे कुणाला ठाऊक होतं?

लेक बापाच्याच वळणावर गेली. मधल्या काळात डोंगरावर बेडकांचा रोग पसरला आणि तळं जवळजवळ ओस पडलं. उरलेसुरले बेडूक लेकीने आपल्या केंद्रात आणले. काचेच्या टाक्या, गार केलेलं पाणी, दारात पाय धुवायची सोय, असा सगळा सरंजाम. बेडूक खाऊन पिऊन खुशाल होते, फक्त अंडी धरत नव्हती. आणि एका रविवारी लेक जेवायला आली ती तावातावानेच.

"बाबा, चौकीमागच्या हौदात आपले बेडूक सापडलेत."

"आपले म्हणजे?"

"आईचे."

बाईंचा वाढायचा हात भांड्यातच थबकला.

सर मजेत हसले. "शक्य नाही. तो बेडूक एवढ्या खाली जगत नाही. पुस्तकात लिहिलंय."

"पुस्तक तुम्हीच लिहिलंय."

"म्हणूनच तर खात्रीने सांगतोय!"

लेकीने ताट बाजूला सारलं. "नीट ऐका. आईकडून पोरांकडे जशीच्या तशी उतरणारी जनुकं असतात. तुमच्या जुन्या बरण्यांतल्या बेडकांत ती तीन तऱ्हांची आहेत, म्हणजे तीन वंश. माझ्याकडे जे वाचलेत, त्यांच्यात एकच वंश उरलाय. बाकीचे दोन त्या हौदात आहेत."

"तुझ्या नळ्या खराब असतील. एकातलं दुसऱ्यात गेलं असेल."

"पुन्हा केलं. दुसऱ्या प्रयोगशाळेतूनही करून घेतलं."

"मग एकच मोठा तलाव असणार!" सरांना उत्साहच आला. "पूर्वी वरचं आणि खालचं पाणी एक असणार. हजारो वर्षांपूर्वी. यावर लिहायला हवं."

"हजारो वर्षं वेगळे राहिले असते तर फरक पडला असता. इथे जनुकांत एका अक्षराचाही फरक नाही. कुणीतरी अलीकडे उचलून नेऊन सोडलेत."

"कोण नेईल? बेडूक वाहून नेण्याचं खूळ कुणाच्या डोक्यात शिरणार आहे?"

बाईंना जोराचा ठसका लागला. लेकीने पाठीवर थोपटलं, सरांनी पाणी दिलं, आणि दोघं पुन्हा भांडायला लागले.

लेकीला हौदातले बेडूक आपल्या बेडकांत मिसळायचे होते. त्यासाठी समितीची परवानगी लागते आणि समितीचे अध्यक्ष सरच. त्यांनी हात झटकले. "कुठून आले ते कळल्याशिवाय मी सही करणार नाही. हौदातले भलतेसलते बेडूक त्या जातीत? माझ्या हयातीत नाही. तिला तुझ्या आईचं नाव आहे!"

दोन दिवसांनी लेक दवाखान्यात आली. जबडा दुखतोय म्हणाली. बाईंनी खुर्ची मागे केली, दिवा ओढला आणि आरशाने आत पाहिलं. दाढा झिजून सपाट झाल्या होत्या. हे दात त्यांनी दुधाचे असल्यापासून पाहिले होते.

"झोपेत दात खातेस तू."

"बाबांवर खात असेन," लेक उघड्या तोंडाने कशीबशी म्हणाली.

बाईंनी आरसा बाहेर काढला. "बोल. काय झालंय?"

"याही वेळी अंडी पांढरी पडली, आई. सगळे बेडूक एकमेकांची भावंडं, रक्त तेच तेच. बाहेरून नवं रक्त आल्याशिवाय धरणारच नाहीत. अंड्यांवर येईल अशी एकच मादी राहिलीय. हा हंगाम गेला की खेळ खलास. मग तळ्यावरचे तुझ्या नावाचे बेडूक फक्त बाबांच्या बरण्यांत." तिचे डोळे भरले. "ते हौदात कुणी टाकले एवढं कळलं ना, तर बाबांना बोलायला जागाच उरणार नाही."

"समिती कधी बसतेय?"

"गुरुवारी."

"चूळ भर."

"आई, तू त्यांच्याशी बोलणार आहेस का?"

"चूळ भर म्हटलं ना!"

बाई घरी आल्या तेव्हा सर खिडकीशी बसून बरण्यांत स्पिरिट भरत होते. बाईंनी पर्सही खाली ठेवली नाही. मनाशी घोळवत बसलं की तोंड उघडत नाही, हे त्यांना पेशंटांवरून माहीत होतं.

"अहो, मी वर गेले नव्हते."

"कुठे वर?"

"तळ्यावर. बादली घेऊन. चौकीमागच्या हौदातच ओतली मी."

सर हसले. मग बाईंच्या चेहऱ्याकडे पाहून हसायचे थांबले. "काहीतरीच काय! केवढ्या उशिरा आलीस तू. भिजलेली होतीस."

"धुक्यात बसले होते. हौदामागच्या दगडावर."

"तिथे बसून काय करत होतीस?"

"रडत होते."

सरांनी बरणीचं झाकण लावायला घेतलं. ते लागेना.

"अगदी नवं लग्न," बाई म्हणाल्या. "त्या कोंदट खोलीत दिवसभरात तुम्ही माझ्याशी चार वाक्यं बोलायचात, त्यातली तीन बेडकांची. आणि वर म्हणालात, जरा बादली सोडून ये. जरा! पायात धड बूट नाहीत, आईची आठवण येतेय, समोर चार पावलांपलीकडचं दिसत नाही. असा राग आला मला! ओतली बादली. परत येऊन खरं सांगणारच होते. पण तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत ना... लग्न झाल्यापासून पहिल्यांदा बघितलंत. मग कशाला सांगू?"

सर उठून आतल्या खोलीत गेले. बाईंना फार वाईट वाटलं, कारण नवऱ्याची सगळ्यात आवडती गोष्ट त्यांनी आपल्याच हातांनी मोडली होती. पण त्या मागोमाग माफी मागायला गेल्या नाहीत. त्यांनी लेकीच्या दाढा पाहिल्या होत्या.

गुरुवारपर्यंत घरात ना भांडण, ना बोलणं. सर वेळेवर जेवायचे, वेळेवर झोपायचे, आणि मधूनच बाईंकडे बघत बसायचे. गुरुवारी लेकीचा फोन आला तो जवळजवळ ओरडतच.

"आई, बाबांनी सही केली! म्हणाले, हौदातले बेडूक वरच्या तळ्यातलेच आहेत, साक्षीदार घरचाच आहे. एकाने विचारलं, पण सर, ते खाली जगत नाहीत असं तुमच्या पुस्तकात आहे. तर म्हणाले, पुस्तक चुकलं. ज्यांना कोमट पाणी सोसलं नाही ते मेले, ज्यांना सोसलं त्यांची पोरं वाढली. माझ्या नाकाखाली जात बदलत होती आणि मी चौकीच्या मागे जाऊन कधी बघितलं नाही, असं म्हणाले. आई, साक्षीदार कोण गं?"

"जिच्या नावाचा बेडूक आहे, तीच," बाई म्हणाल्या, आणि त्यांना हसू आवरेना.

संध्याकाळी सर आले. बाईंनी पाणी पुढे केलं आणि विचारून टाकलं, "आता बेडकाला दिलेलं माझं नाव काढणार का?"

"एकदा दिलेलं नाव काढता येत नाही. तसा नियम आहे."

"आणि नियम नसता तर?"

सर पाणी प्यायले आणि त्यांनी पेला बाईंच्या हातात परत दिला.

त्या हंगामात अंडी पांढरी पडली नाहीत. काळी राहिली, लांबट झाली, वळवळायला लागली. लेकीने फोनवर ते दाखवलं तेव्हा बाईंनी खुर्चीतल्या पेशंटलाही दाखवलं. तो बिचारा तोंड उघडं ठेवून बघत राहिला. पुढच्या हंगामात, सगळ्या तपासण्या होऊन, पहिली बादलीभर पिल्लं तळ्यात सोडायची ठरली.

चौकी तशीच होती, हौदही तसाच. धुकंसुद्धा आलं होतं. लेकीने बादली उचलली, तर बाईंनी ती तिच्या हातातून काढून घेतली.

"सोड. हे काम माझं अर्धं राहिलंय."

"आई, वाट चढाची आहे."

"बूट चांगले आहेत या वेळी."

"बरं बाई. बाबा, तुम्ही मात्र चौकीतच बसा. गुडघे सांभाळा."

सर पायरीवर बसले होते. त्यांनी काठी घेतली, उठले, हौदाला वळसा घालून आले. तिथल्या दगडापाशी जरा थांबले. मग बाईंच्या शेजारी येऊन त्यांनी बादलीच्या कडीला आपलाही हात घातला.

"या खेपेला मी बरोबर येतो," ते म्हणाले. "तुझा काही भरवसा नाही."