चुरम्याचा तिसरा वाटा

माझ्या मुकुलची डिब्रूगडहून इकडे बदली व्हावी म्हणून मी सोळा सोमवार धरले होते. चौदाव्या सोमवारी बदली झाली, कोल्हापूरला. आमचं मुलुंड म्हणायचं मीच विसरले असेन. देवाला कशाला बोल लावू?

सतराव्या सोमवारी उद्यापन. चुरम्याचे तीन वाटे: एक देवाला, एक ब्राह्मणाला, एक घरच्यांचा. घरचा वाटा मुकुलच्या हातावर ठेवीन आणि दिवेलागणीच्या आत त्याच्याबरोबरच उपास सोडीन, असं मी शंकरापुढे बोलून बसले होते. आणि नेमका त्याच सोमवारी तो विमानाने निघणार, मंगळवारी कोल्हापूरच्या ऑफिसात हजर होणार.

"घरी नाही गं यायला जमणार," एवढंच फोनवर म्हणाला.

मग मी मोबाइलवर शोधलं. डिब्रूगड ते कोल्हापूर, चोवीसशे पन्नास किलोमीटर, विमानाने साडेतीन तास. म्हणजे दुपारी पोचेल. मी सकाळच्या बसने निघाले तर पाचला तिथे. त्याला न सांगताच जायचं ठरवलं.

सोमवारी पहाटे पूजा, कहाणी, आरती झाली. गुरुजींचा वाटा त्यांच्याकडे पोचवला. तिसरा डब्यात भरून लिफ्टपाशी आले, तर चौथ्या मजल्यावरची चेतना भेटली. विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या ऑफिसात असते ती.

"काकू, डबा घेऊन कुठे एवढ्या सकाळी?"

मी सगळं सांगितलं.

"साडेतीन तास? काकू, ते नकाशावर पट्टी ठेवून मोजलेलं हो! तिथून कोल्हापूरला थेट विमानच नाही. आधी कोलकाता, मग मुंबई, मग कोल्हापूर."

"मुंबई?"

"आपलीच. अंधेरीला उतरणार तो."

आमचे हे बॅग धरून मागे उभे होते. "झकास! पोरगा इथे उतरणार आणि तू कोल्हापुरात त्याची वाट बघत बसणार होतीस!"

मुकुलला फोन लावला. जरा घुटमळला. "चार ते साडेसहा मुंबईत आहे, आई. तू उपाशीपोटी धावत येशील म्हणून नाही बोललो."

"मी कोल्हापूरला निघाले होते," मी हळूच म्हटलं.

"अंधेरीलाच ये. मी बाहेर येतो."

अडीचला रिक्षा धरली. पवईला अर्धा तास जागचे हललो नाही.

"कोलकात्याचा माणूस आधी पोचणार बघ," हे म्हणाले. मी मनातल्या मनात जप सुरू केला.

पोचलो तेव्हा पाच वाजत आले होते. मुकुल बाहेर खांबापाशी उभा, पाठीवर सॅक, नजर घड्याळावर. वाळला होता. मी डबा उघडला.

"हात धुतलास?"

"दोनदा. आधी तू घे, आई."

"एकदम घेऊ."

उन्हं अजून होती. दोघांनी एकदमच घास घेतला.

"आता मुलुंडच्या बदलीसाठी पुन्हा सोळा धरू नकोस हं!" मुकुल म्हणाला.

मी बोटांवर पुढचे सोमवार मोजत होते. तोंडात चुरमा होता.