ढोलकीच्या जागी

पिंपळगाव राजाच्या भजनी मंडळाला ठेका धरणारं यंत्र हवं होतं, आणि ते निवडायचं काम पुष्पांजलीकडे आलं. दुसऱ्या कुणाकडे जाणार? मंडळाची ढोलकी तिचे वडील, पुंजाजी, वाजवायचे, आणि ती स्वतः पुण्यात जाहिरातींना संगीत देत होती. पुंजाजी जाऊन दोन महिने झाले होते.

"नवा ढोलकीवाला काही भेटत नाही, पुष्पा," पेटी वाजवणारे उत्तमराव फोनवर म्हणाले होते. "पोट्टे डीजेपुढं नाचाले तयार हायेत, मांडी घालून बसाले नाही. पुंजाजी होता तवर कोनाले बसवलं नाही आम्ही. म्हनलं, आज ना उद्या त्याचं मनगट बरं होईन. आता तू तं त्यातलीच हायस. एखादं डबडं पाह्य, आपोआप वाजनारं."

मनगट हा शब्द तिने ऐकून न ऐकल्यासारखा केला. "पाहते काका," एवढंच म्हणाली.

मग पंधरा दिवस तिने यंत्रंच पाहिली. ग्रूव्हबॉक्स म्हणजे ताल आणि सूर रचून वाजवता येणारं यंत्र, इतकं लहान की पिशवीत घालून नेता यावं. कुणाची बॅटरी किती तास चालते, कुणाला स्वतःचा स्पीकर आहे, कुणात आपले आवाज भरता येतात, कुणाचा पडदा म्हाताऱ्या डोळ्यांना वाचता येईल, याचा तिने तक्ताच केला. निवड करत बसण्यात एक सोय असते. माणसाला वाटतं आपण काहीतरी करतो आहोत, आणि ज्याच्यासाठी करतो आहोत त्याच्याकडे बघावं लागत नाही.

शेवटी दोन उरली. एक मोठं, सोळा बटणांचं. त्यात ठेका एकदा रचून ठेवला की कळ दाबताच हवा तितका वेळ बिनचूक चालतो. दुसरं तळहाताएवढं, आठ रबरी पॅडांचं. त्यातही ठेका भरता येई, पण फार नाही, ते मुख्यतः बोटांनी वाजवायचं. मोठंच घ्यायचं हे तिने मनाशी ठरवलेलं होतं. दोन्ही चार दिवसांपुरती भाड्याने घेऊन ती खामगावला उतरली आणि जीप धरून गावी आली.

मोठ्या यंत्रात तिने वडिलांचे हात भरले होते. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मंडळाच्या भजनाचं तिने रेकॉर्डिंग केलं होतं. एक माईक ढोलकीपाशी, एक गाणाऱ्यांपुढे. त्यातला ढोलकीवरचा एकेक घात सुटा करून, घासूनपुसून तिने बटणांवर मांडला आणि धुमाळीचा ठेका रचला. आवाज हुबेहूब पुंजाजींचा होता. फक्त आता तो कुठेच मागे पडत नव्हता.

त्या दिवाळीत तो मागे पडला होता. गाणाऱ्यांच्या माईकचा आवाज बंद करून, नुसती ढोलकी लॅपटॉपवर लावून तिने वडिलांना दाखवलं होतं. "बाबा, या उभ्या रेघा म्हणजे मात्रा. आणि हे तुम्ही. कडव्याच्या तिसऱ्या ओळीला बघा, दरवेळी मागे पडता." पुंजाजींनी चष्मा लावून पडद्याजवळ तोंड नेलं. "दरवेळी?" "दरवेळी." ते बराच वेळ पाहत राहिले. "मशीन खोटं नाही बोलत," असं काहीतरी ती हसत म्हणाली होती. तेव्हा तिला नुकतंच पहिलं मोठं काम मिळालं होतं आणि जगातल्या प्रत्येक आवाजात चूक सापडत होती.

महिन्याभराने आईचा फोन आला, बाबांचं मनगट दुखतं, ढोलकी बंद केली. पुष्पांजलीने चांगल्यातला मनगटपट्टा कुरियरने पाठवला. ते मनगट दुखत नाही हे तिला त्याच क्षणी कळलं होतं. तरी पट्टा पाठवला. तो पाठवणं सोपं होतं. पुंजाजींनी तो तीन वर्षं वापरला. भजनाला तो घालून ते मागच्या भिंतीशी बसत आणि मांडीवर बोटही वाजू देत नसत.

गुरुवारी दुपारी मंडळ घरी आलं. मंडळातलं माणूस गेलं की भजन बंद ठेवायचं आणि पुन्हा सुरू करताना पहिलं त्याच्या ओसरीवर करायचं, अशी इथली रीत. उत्तमरावांनी पेटी मांडली, सोजराबाईंनी टाळ काढले. सत्यभामाबाई पाऊणशेच्या पुढच्या. एकेकाळी कडवी त्याच सांगत, पण हल्ली मागे बसून नुसतं धृपद धरत. आज उत्तमरावांनी त्यांना हाताला धरून पुढे बसवलं. "पुंजाजीसाठी सांगा आज, आजी."

"हे व काय?" सोजराबाईंनी मोठं यंत्र बोटाने ढकलून पाहिलं. "नाश्त्याचा डबा वाटते."

"त्या डब्यात पुंजाजी बसला हाय म्हन्ते," उत्तमराव म्हणाले.

"बसंल बाप्पा. घरात तं एका जागी बसला नाही कधी," कोकिळाबाई, पुष्पांजलीची आई, दारातून म्हणाल्या. सगळे हसले. त्याही हसल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

पुष्पांजलीने कळ दाबली. पहिलाच घात पडला. सोजराबाईंनी हात जोडले. मग टाळ मिळाले, पेटी मिळाली, आणि सत्यभामाबाईंनी कडवं उचललं. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसऱ्या ओळीच्या तोंडाशी त्यांचा आवाज तुटला. तोंड उघडं होतं, खांदे वर गेले होते, पण शब्द येत नव्हता. आणि ठेका पुढे निघून गेला होता. त्यांनी मधूनच शब्द पकडायला पाहिलं, खोकला आला. उत्तमरावांनी पेटी थांबवली. यंत्र वाजतच राहिलं.

"बंद कर बंद कर," सोजराबाई म्हणाल्या.

"पुन्हा घेऊ," पुष्पांजली म्हणाली. "थोडं सावकाश लावते."

सावकाश लावून पाहिलं. आता पहिल्या दोन ओळी रेंगाळल्या आणि तिसरीला पुन्हा तेच झालं.

"सावकाश लावून नाही व्हाचं, माय," सत्यभामाबाई दम घेत म्हणाल्या. "लय वर्साआधी टीबी झालता मले, छातीची एक बाजू गेली. दोन ओळीपुरता दम हाय, तिसरीले भरा लागते. पुंजाजी इथं थांबे."

"थांबत होते?"

"थांबे म्हंजे थांबत नोता. कोनाले समजे बी नाही. माह्या खांद्याकडं पाहे. खांदा वर गेला का हात धरे, खाली आला का मारे. तीस वर्षं. तेच्या मनगटाले काय झालं अन् मंग मले बी समजलं, माह्या गान्यात काय रायलं होतं ते."

"मनगटापायी सारं गेलं," उत्तमराव म्हणाले. "पन पोरगी असावी तं अशी. पट्टा धाडला पुन्यावरून. तो साऱ्यायले दाखवे, पोरीनं धाडला म्हने."

पुष्पांजलीच्या कानात ती दिवाळी आली. गाणाऱ्यांचा माईक तिने स्वतः बंद केला होता. तो चालू असता तर श्वास ऐकू आला असता.

आता गप्प बसणं सहज शक्य होतं. तीन वर्षं वडील गप्प बसले होते, ते तिच्यासाठीच. पण समोर सत्यभामाबाई छातीवर हात ठेवून बसल्या होत्या.

"बाबांचं मनगट दुखत नव्हतं," ती म्हणाली. "मी त्यांना सांगितलं होतं, तुम्ही तिसऱ्या ओळीला मागे पडता. कॉम्प्युटरवर दाखवलं. त्यानंतर त्यांनी ढोलकी धरली नाही."

उत्तमरावांनी पेटीचा भाता लावला. "जाऊ दे पोरी. तुले काय मालूम."

"जाऊ काऊन देऊ?" सत्यभामाबाई म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. "तुले सोपं हाय म्हनाले, उत्तमा. तीन वर्षं मी मांगं बसली. मले वाटलं माहाच दम सरला. देवाले म्हनलं, आता ने बाप्पा." मग पुष्पांजलीकडे वळून, "त्याले विचारलं काऊन नाही तू? का बाबा, इथंच काऊन मागं पडता? येक डाव विचारतीस तं सांगतलं असतं त्यानं."

"मी सांगितलं फक्त," पुष्पांजली म्हणाली. "विचारलं नाही."

दारातून कोकिळाबाई म्हणाल्या, "मंग मी तेल कायले चोळलं?" त्या कुणाकडेच पाहत नव्हत्या. "रोज. जेवन झालं का वाटी घेऊन बसो मी. तीन वर्षं." आणि त्या आत गेल्या.

पुष्पांजलीने मोठ्या यंत्राची वायर काढली. वडिलांचा जुना, मागे पडणारा ठेका जसाच्या तसा भरला असता, तरी तो तीन वर्षांपूर्वीच्या दमासाठी थांबला असता. आजचा दम निराळा होता, पुढच्या गुरुवारचा आणखी निराळा असेल. हे कुठल्याही तक्त्यात बसणारं नव्हतं. तिने लहान यंत्र पुढे घेतलं, त्यातले भरलेले सगळे ठेके पुसले आणि दोन पॅडांवर दोनच आवाज ठेवले, एक घुमाऱ्याचा, म्हणजे ढोलकीच्या जाड आवाजाच्या बाजूचा, आणि एक शाईच्या बारीक बाजूचा.

"हे आपोआप नाही वाजत," ती म्हणाली. "कुणीतरी आजींकडे बघत वाजवायला पाहिजे. मी परवा जाणार."

"दे इकडं," सोजराबाईंनी टाळ खाली ठेवले. "तिच्या बाजूले तं मीच बसतो. टाळ कोनी बी वाजवंल." त्यांनी एक बोट आपटून पाहिलं. "हे व माय, गुदगुल्या होऊन राह्यल्या हाताले."

"तिच्याकडं पाह्य, बटनाकडं नोको," उत्तमराव म्हणाले.

भजन पुन्हा सुरू झालं, अडखळत, चुकत. पुष्पांजली उठून आत गेली.

कोकिळाबाई चुलीपाशी नव्हत्या. कोनाड्याखाली पाय पसरून बसल्या होत्या. पुष्पांजली शेजारी बसली. बाहेर दुसरी ओळ संपली. मधे एक रिकामी जागा आली, तिच्या मनातली मोजणी त्या जागेवरून पुढे निघून गेली, आणि मग सोजराबाईंचा घात पडला आणि त्याच्यावर सत्यभामाबाईंचा आवाज.

"आई," ती म्हणाली.

कोकिळाबाईंनी मान वर करून कोनाड्यातल्या तेलाच्या वाटीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "दुखत तं असंलच कुठं. नाही तं रोज हात पुढं करता तो?"