घर बसेना, राजा सुटेना

हे तुम्हाला खरं वाटणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आजवर कुणालाच वाटलेलं नाही, आणि ज्या एक-दोघांना वाटलं त्यांच्या अकलेवर माझाच विश्वास नाही. पण एक शहर होतं आणि ते पायांनी चालायचं.

प्रत्येक घराला चार पाय, गुडघ्यांत दातेरी चाकं, तळव्यांना चिनी मातीची जाड पावलं. घरं म्हणजे अर्धी यंत्रं, अर्धी जनावरं. त्यांचं खाणं विजेचं गवत: निळसर, पोटरीइतकं उंच, वारा सुटला की तडतडणारं. घरं सोंडेने ते ओरबाडून खात, मग पोटातले बंब पेटत, दिवे लागत, आंघोळीचं पाणी तापे. माणसाने मात्र त्या गवतात पाय ठेवला, तर केस उभे आणि माणूस आडवा! त्यामुळे खाली उतरायची सोय नव्हती. घरं एकामागून एक रांगेने चालत, आणि मागचं फार जवळ आलं की पुढचं म्हशीसारखी लाथ झाडे.

राज्यकारभार अगदी सोपा. ज्याचं घर रांगेत सगळ्यात पुढे, तो राजा. पुढचं घर जाईल तिकडे सगळी जाणार, ते बसलं की सगळी बसणार. कुठेतरी उघडा खडक बघून राजा घर बसवे. मग लोक खाली उतरत, पाय मोकळे करत, एकमेकांकडे जात, आणि साठलेली भांडणं समोरासमोर उरकून घेत.

अशाच एका मुक्कामाला वंगणकाकांचा घात झाला.

काका म्हणजे घरांच्या गुडघ्यांना तेल-वंगण घालणारे मिस्त्री. माणूस इतका मवाळ, की खिळा ठोकायच्या आधी भिंतीची माफी मागणार. त्या दिवशी काकू रांगेतल्या शेवटच्या घरी, धाकट्या बहिणीकडे गेल्या होत्या, आणि काका आपल्या घराच्या ओट्यावर पालथे पडून त्याच्या डाव्या गुडघ्यात ब्रश फिरवत होते. घराला झाल्या गुदगुल्या! ते फुरफुरत उठलं आणि काकांना घेऊन जे सुसाट सुटलं, ते थेट रांगेच्या पुढे. ते पाहून बाकीची घरंही धडपडत उठली. खाली गप्पा मारणारी माणसं जे दार जवळ सापडलं त्यात घुसली. "अगं बाई, जरा थांबतेस का," असं काका घराला म्हणेपर्यंत ते राजे झाले होते.

आता राजाचं मुख्य काम घर बसवायचं. पण काकांच्या घरी ते खातं काकूंकडे होतं. काकू कंबरेवर हात ठेवून "बस!" म्हणत आणि घर बसे. घरच काय, शेजारपाजारचे दोन-तीन पुरुषही बसत. काका म्हणत, "बस ना गं, दमली असशील." घराला वाटे आपलं कौतुक चाललंय, आणि ते आणखी झपझप चाले. मागच्या घरातल्या पाववाल्याने घसा फाडून पाहिला, पण परक्याचं ऐकायला घराला काय गरज?

तर घर बसेना. आणि घर बसेना म्हणून कुणालाच आपल्या घरी जाता येईना. न्हावी सुताराच्या घरात अडकला. सुतार अडकला तो नेमका आपल्या सासूच्या घरात. एका घरात तर मोडलेल्या लग्नाची दोन्ही वऱ्हाडं एकाच स्वयंपाकघरात रांधत होती. काकू बहिणीकडे, म्हणजे रांगेच्या टोकाला. काकूंचा आवाज मोठा, पण रांग त्याहून मोठी. निरोप खिडकीतून खिडकीत ओरडत यायचे.

"राजेसाहेब, काकूंचा निरोप! निळी गोळी जेवणाआधी, पिवळी नंतर!" पाववाला ओरडे. "आणि न्हाव्याकडून जादा: दाढी वाढलीय, सुताराच्या माळ्यावरून दिसतेय!"

काकांनी एकदाच धीर करून मनातलं सांगितलं, "तिला म्हणावं, तुझ्याशिवाय घर खायला उठतं."

हा निरोप चाळीस खिडक्यांतून गेला, आणि प्रत्येक खिडकीतल्या बाईने तो पुढे देताना आपल्या नवऱ्याकडे असं पाहिलं, की त्या रात्री शहरातली सगळी भांडी पुरुषांनी घासली.

पण गोड निरोपांनी कुणी स्वतःच्या अंथरुणात पोचत नाही. काकूंची बहीण घंटा ओतायची. तिचं घर सगळ्यात शेवटी, म्हणजे साऱ्या शहराची धूळ तिच्या ताटात. त्यात घरात कोंबलेले नऊ पाहुणे, पैकी एक घोरणारा. एके दिवशी तिने आपली सगळ्यात मोठी घंटा बडवली आणि बंड पुकारलं! "राजा मऊ आहे, राजाला हटवा!" राजाला हटवायचं म्हणजे त्याच्यापुढे घर काढायचं, दुसरी रीत नव्हती. ही गुप्त मसलत राजापर्यंत पोचायला वेळ लागला नाही, कारण ती बंडखोरांनीच खिडक्या-खिडक्यांतून पाठवली.

"राजेसाहेब!" पाववाला ओरडला. "तुमच्याविरुद्ध बंड झालंय! निरोप पुढे द्या!"

"पुढे कुणाला देऊ?" काका म्हणाले. "पुढे मीच आहे."

"अरेच्चा! मग ठेवून घ्या."

काकांना इतका आनंद झाला, की त्यांनी चहाला आधण ठेवलं. बंडखोर पुढे येणार, म्हणजे मेव्हणीचं घर पुढे येणार, आणि त्या घरात कोण? काकू! त्यांनी उलट निरोप धाडला, "जरूर या. वाट मोकळी करतो."

आणि केलीही. त्यांनी ओट्यावरून वाकून आपल्या घराच्या डाव्या गुडघ्याला ब्रशाने जरा टोचलं, तसं ते डावीकडे सरकलं. पाठोपाठ सगळी रांग डावीकडे सरकली. घंटावालीने आपलं घर पुढे दामटलं, तर ते चार पावलं पळालं, पुढच्याच्या शेपटापाशी लाथेच्या अंतरावर पोचलं आणि परत शहाण्यासारखं मागे झालं. पुढाऱ्याच्या पुढे जाणं घरांच्या रक्तातच नव्हतं.

"दाजींना म्हणावं, निदान लढा तरी!" मेव्हणीचा निरोप आला.

"तिला सांग, मी हरायला केव्हाचा तयार आहे, जमत नाहीये."

परत उत्तर आलं, "हरायलाही जमत नाही? धन्य आहे ताईची!"

काका खट्टू होऊन बसले. चहा उकळून उकळून काळा झाला. ओरडणं जमत नाही, हरणं जमत नाही. मग जमतं काय? हातात ब्रश होता. तो त्यांनी पाहिला. घर मघाशी डावीकडे सरकलं ते कशाने? डाव्या गुडघ्याच्या गुदगुल्यांनी!

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठा उघडा खडकाळ माळ लागला. काकांनी ब्रश कपडे वाळत घालायच्या काठीला बांधला, कमरेला चादरीची गाठ मारून ती खिडकीच्या गजाला अडकवली, आणि अर्धं अंग बाहेर काढून लागले डाव्या गुडघ्याला गुदगुल्या करायला. घर खिदळलं आणि वळलं. आणखी गुदगुल्या, आणखी वळलं. आतली भांडी फळीवरून उतरून काकांना भेटायला आली. मागची रांग विचारायची थोडीच? तीही वळली. बघता बघता शहराची गोल चुंबळ झाली, आणि काकांचं घर मोठा फेरा मारून शेवटच्या घराच्या पाठीमागे येऊ लागलं.

"राजा मागून चाल करून येतोय!" घंटावाली किंचाळली. "बादल्या भरा!"

"कोण, हे?" काकू म्हणाल्या. "हे मांजराला विचारून वाट ओलांडतात." आणि बहिणीला कोपराने बाजूला सारून त्या मागच्या खिडकीत आल्या.

समोर काका, खिडकीबाहेर लटकलेले, हातात काठी, अंगावर सांडलेला चहा. त्यांचं घर खिदळत पुढेच येतंय. घंटावालीच्या घराने कान टवकारले, मागचा पाय उचलला. एक लाथ, की काका गेले गवतापल्याड!

"अगं, ऐकू येतंय का माझं?" काका ओरडले. म्हणजे, ओरडले असं त्यांना वाटलं.

काकूंनी कंबरेवर हात ठेवले.

"बस!!"

काकांचं घर मटकन बसलं. घंटावालीचं घर पाय उचललेल्या अवस्थेतच बसलं. मग पुढचं, त्याच्या पुढचं, धप, धप, धप करत आवाज सगळा फेरा फिरून पाववाल्यापर्यंत आला. पाववालाही बसला.

घंटावाली ओगराळं उगारत खाली उतरली. "आता मी तुमच्यापुढे, दाजी! राज्य माझं!"

"झालं तर," काका कृतार्थ होऊन म्हणाले.

"एक मिनिट," पुढच्या घरातून सुतार म्हणाला. "मी तुमच्यापुढे आहे, मावशी."

"त्याच्यापुढे मी," त्याच्याही पुढून एक म्हातारा ओरडला. असं करत करत प्रत्येकजण राजा झाला, शेवटी पाववालाही झाला, आणि त्याच्यापुढे पुन्हा काका! गोलात पहिलं कोण ते काही केल्या ठरेना. थोड्या वेळाने कुणी ते ठरवतही नव्हतं. सुतार सासूच्या पाया पडून धूम पळाला होता, वऱ्हाडांची तर सोयरीक पुन्हा जुळली होती, आणि पोरांना मधोमध आयुष्यात पहिल्यांदा अंगण मिळालं होतं. ती नुसती गोल गोल पळत सुटली.

काका-काकू ओट्यावर शेजारी शेजारी बसले. चाळीस खिडक्यांतून माना बाहेर आल्या. सवयच लागली होती.

"काय म्हणाले?" लांबून कुणीतरी विचारलं.

"काहीच नाही म्हणाले," घंटावालीने डोळे पुसत सांगितलं.

"बरं. तसंच सांगतो पुढे."

आणि हे ऐकीव नाही हं! मी स्वतः होतो तिथे. उरलेलं वंगण काकांनी माझ्या या उजव्या गुडघ्याला चोळलं. तेव्हापासून आजतागायत गुडघा एकदाही कुरकुरला नाही. अजून मी जिना दोन-दोन पायऱ्या गाळून...

"खोटं!" आतून आमची ही ओरडली. "सकाळी जिन्यात मधेच बसून 'मला कुणीतरी वर ओढा' म्हणून कोण बोंबलत होतं?"