ओळी वाचणार कोण

ऑफिसात तिला सगळे नोंदवाली म्हणत. पाणी खेचणाऱ्या पंपांवर लक्ष ठेवणारी एक सॉफ्टवेअर लायब्ररी, म्हणजे गिऱ्हाइकांनी आपल्या प्रोग्रामला जोडायचा तयार कोड, त्यांची कंपनी बनवायची. त्या लायब्ररीतला मेसेज नोंदवणारा क्लास, म्हणजे कोडचा एक स्वतंत्र तुकडा, गेली सात वर्षं नोंदवालीच्या गळ्यात होता. पंप सुरू झाला, दाब घसरला, झडप अडकली, काहीही घडलं तरी सॉफ्टवेअरच्या बाकी भागांनी ते या क्लासला सांगायचं आणि त्यानं लिहून ठेवायचं, एवढंच त्याचं मूळ काम.

क्लास मुळात लिहिला होता मास्तरांनी. ते आधी शाळेत गणित शिकवायचे, म्हणून हे नाव. आता साठीला टेकले होते आणि शेजारच्याच टेबलावर बसत. त्यांनी लिहिला तेव्हा क्लास दोनशे ओळींचा होता. मग कोणाला मेसेज फाइलमध्ये हवा झाला, कोणाला पडद्यावर, कोणाला फोनवर. गिऱ्हाईक आलं की क्लासच्या पोटात आणखी एक अट कोंबायची, असं करत तो तीन हजार ओळींवर गेला. इकडे टाका घातला की तिकडे उसवायचं. नोंदवालीला पूर्वी त्याचा राग यायचा. आता नुसता थकवा यायचा.

साहेबांनी एका सकाळी तिला बोलावलं. क्लास नव्यानं लिही म्हणाले. ज्याला जे हवं ते त्यानं बाहेरून जोडावं, आपल्या कोडला हात लावायची वेळ कोणावर येऊ नये. मुदत तीन आठवडे. तिनं मान डोलावली, कारण वाद घालायला जास्त ताकद लागली असती. मास्तरांना हे लागलं. चालत्या गाडीला खीळ कशाला घालता, एवढंच ते म्हणाले आणि दोन दिवस चहाला तिच्यासोबत आले नाहीत.

त्याच आठवड्यात एका पंपघरातली मोटर जळाली. मोटर तापत असल्याचा मेसेज सहा वेळा गेला होता, पण पाळीवरच्या बाईंनी तो पाहिलाच नव्हता. साहेबांचा जीव भांड्यात पडला. मेसेज गेला म्हणजे आपण सुटलो, असा त्यांचा हिशेब. नोंदींची प्रत आणायला त्यांनी नोंदवालीला धाडलं.

दोन तास बसचे हिसके खात ती पोचली. खोलीत जळक्या वार्निशचा वास होता. मोटर उघडून जमिनीवर ठेवली होती, तारा काळ्याठिक्कर. बाई पन्नाशीच्या, अकरा वर्षं नोकरी झालेल्या. चौकशी संपेपर्यंत त्यांना फक्त दिवसपाळी दिली होती. त्यांनी प्रत काढून दिली. नोंदवालीचं लक्ष पडद्याकडे गेलं. त्याच्या खालच्या अर्ध्या भागावर पुठ्ठा चिकटवलेला होता.

हे काय, असं तिनं विचारलं. बाईंनी काही न लपवता पुठ्ठा काढला. खाली ओळी सरकत होत्या. दर वीस सेकंदांनी एक: सर्व ठीक. सर्व ठीक. सर्व ठीक.

"दिवसाला चार हजार वेळा कोणी हेच सांगायला लागलं तर माणूस ऐकायचं सोडणारच ना, मॅडम," बाई म्हणाल्या. "डोळे दुखायला लागले, मग झाकून टाकलं."

नोंदवाली खुर्चीत बसली. ती ओळ तिनंच घातली होती, तीन वर्षांपूर्वी. मशीन जिवंत असल्याची खूण एका दूरच्या गिऱ्हाइकाला फाइलमध्ये हवी होती. पण त्या क्लासात आलेला मेसेज सगळीकडेच जायचा. फक्त फाइलमध्ये जा, असं त्याला सांगायची सोयच नव्हती. हे तिला तेव्हाही ठाऊक होतं. तेव्हाही ती दमलेलीच होती.

"ती ओळ माझी आहे," ती म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तुमची? मला वाटलं मशीनच बोलतंय."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला परतीच्या वाटेवर वाटत राहिलं.

नवा क्लास तिनं नऊ दिवसांत लिहिला. तो स्वतः काहीच लिहीत नसे. मेसेज किती गंभीर आहे ते बघायचं आणि ज्यांनी आधी नाव नोंदवलंय त्यांच्या हाती तो द्यायचा. गांभीर्याच्या कोणत्या पायरीपासूनचे मेसेज हवेत ते ज्यानं त्यानं ठरवायचं. फाइलवाल्यानं सगळे घ्यावेत, पडद्यावाल्यानं फक्त धोक्याचे. नवा कोणी आला तर त्यानं आपला घेणारा, म्हणजे मेसेज स्वीकारणारा तुकडा, स्वतः लिहून बाहेरून जोडावा.

मास्तरांनी तिचा कोड शेवटपर्यंत वाचला. मग चष्मा काढून म्हणाले, "फोनवाला रांगेत पहिला असला आणि तोच कोसळला, तर मागच्या फाइलवाल्याला मेसेज कोण देणार?"

हे तिला सुचलंच नव्हतं. तिनं कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला. एक पडला तरी बाकीच्यांपर्यंत मेसेज पोचेल अशा बारा ओळी त्यांनी स्वतः लिहिल्या, एका बोटानं, शाळेत फळ्यावर लिहावं तसं सावकाश.

मोटर का जळाली त्याच्या अहवालात तिनं लिहिलं की इशारा आमच्याच निरर्थक ओळींत बुडाला. साहेबांनी ते वाक्य काढायला सांगितलं. तुम्हीच काढा, मी नाही काढणार, असं ती म्हणाली. आवाज चढवायचंही त्राण नव्हतं. मास्तर उठले आणि तिच्या सहीखाली त्यांनी आपली सही केली. वाक्य राहिलं. पुढे महिनाभर साहेब तिच्याशी कामापुरतंच बोलले.

घरी नवऱ्यानं विचारलं, सुटलीस का एकदाची? क्लास सुटला, मी नाही, असं सांगून ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

बाईंची नोकरी वाचली, पण लेखी ताकीद मिळाली आणि बदली झाली. नोंदवालीनं फोन केला तेव्हा त्या नव्या जागी रुळल्याही होत्या. पडद्यावर आता मोजकंच दिसेल, हे तिला त्यांना सांगायचं होतं.

"इथं पडदाच नाही हो," बाई म्हणाल्या. "जुनं पंपघर आहे. दाबाचा एक काटा आहे, तो बघायचा. बरं आहे."

बरं आहे, असं तीही म्हणाली. फोन ठेवला तेव्हा समोर दोन मेल येऊन पडले होते. त्यातल्या एका गिऱ्हाइकाला मेसेज रंगीत हवे होते. स्वतःचा घेणारा कसा लिहायचा, ते ती त्याला समजावून लिहू लागली.