कुंडीखालची पितळी खूण

मित्रांनो, मी एक जुनी पितळी चकती आहे. आकाराने बशीपेक्षा लहान, तोंडावर एक फुली आणि पाठीला बोटभर दांडी. या भागातल्या सगळ्या हद्दी माझ्या फुलीपासून मोजलेल्या आहेत. तुम्हाला हे ठाऊक नसणारच. तुम्ही माझ्यावर पाय देऊन जाता, आणि मोठी माणसं तर थुंकतातही. तुमच्याकडून मी फारशी अपेक्षा ठेवलेली नाही.

मला या कातळात एका चिवट गवंड्याने बसवलं. त्याने दांडीपेक्षा खोल भोक पाडलं. वर माझ्या मापाची खळगी कोरली, म्हणजे कडेखाली कुणाला पहार घालता येणार नाही. मग नळीने फुंकून धूळ काढली, ब्रश फिरवला, पाण्याने धुतलं. असं तीनदा.

सोबत आलेला हद्दींचा मोजणीदार वैतागला. "अहो, भोक बुजवायचंय की बाळाला न्हाऊ घालायचंय?"

"धूळ राहिली तर सिमेंट धुळीला धरतं साहेब, दगडाला नाही," गवंडी म्हणाला.

त्याने भोक सिमेंटने काठोकाठ भरलं. खाली हवा राहू नये म्हणून मला गोल फिरवत दाबलं आणि लाकडी हातोडीने ठोकून वर आठवडाभर ओलं पोतं ठेवलं. आठव्या दिवशी हा गृहस्थ छिन्नी घेऊन मलाच उचकटायला बसला! माझ्या कडेला खोच पडली, पण मी हलले नाही. तेव्हा कुठे तो हसला.

पुढे समोर काकूंचं घर झालं. काकूंनी माझ्यावर कोरफडीची कुंडी ठेवली. एवढी मानाची खूण मी, आणि माझा केला पाट! मी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला.

मग रस्ता रुंद करायला इंजिनिअरसाहेब आले. गाडीतून न उतरताच त्यांनी 'जुनी खूण आढळली नाही' असं लिहून टाकलं. नवी चकती फुटपाथच्या एका सुट्या फरशीवर डिंकाने चिकटवली. धूळ पुसण्याचेही कष्ट घेतले नाहीत. दोन मिनिटांत काम उरकलं आणि वर फोटोही काढला. ती चकचकीत बया काय तोरा मिरवत होती! तिसऱ्या आठवड्यात पाण्याचा टँकर वळला, फरशी वीतभर सरकली आणि बयेला पत्ताही लागला नाही.

तिच्यापासून मोजल्यावर काकूंच्या स्वयंपाकघराची भिंत रस्त्यात आली. पाडायची म्हणून तिच्यावर लाल फुली पडली.

"साहेब, वीस वर्षं इथेच चूल पेटतेय माझी. आजच कशी रस्त्यात आली?"

"काकू, मोजणीचं यंत्र खोटं बोलत नाही."

यंत्र कशाला खोटं बोलेल? त्या बिचाऱ्याला उभंच चुकीच्या जागी केलं होतं.

भिंत पाडायच्या दिवशी काकू डोळे पुसत सामान हलवू लागल्या. कुंडी उचलली आणि पाडकामाच्या कागदावर सही करायला आलेली नवी मोजणीदारबाई एकदम खाली बसली. तिने हाताने माती झाडली.

"जुनाट आहे ती. हलली असेल," साहेब म्हणाले.

"छिन्नी द्या," बाई म्हणाली. तिने जीव खाऊन जोर लावला. छिन्नी निसटली, मी जागची ढळले नाही. मग तिचं बोट माझ्या जुन्या खोचेवर थांबलं. "माझे बाबा गवंडी होते, साहेब. आठव्या दिवशी ते प्रत्येक चकतीला अशीच छिन्नी लावून बघायचे."

मोजणी पुन्हा झाली, माझ्यापासून. भिंत हद्दीच्या चार बोटं आत निघाली. काकूंनी पदराने आधी डोळे पुसले आणि मग मला.

"नशीब चांगलं तुमचं, काकू," साहेब गाडीत बसत म्हणाले.

नशीब म्हणे! मित्रांनो, मोठे झालात की हवं ते काम करा, पण भोकातली धूळ तीनदा काढा. आणि तेवढं जमणार नसेल, तर निदान गाडीतून खाली उतरून कुंडी तरी उचलून बघा.