बारीक जाळावरच्या कण्या

कळशीच्या तळाशी थोडंच पाणी उरलं होतं आणि टँकर उद्याशिवाय येणार नव्हता. त्यातलं निम्मं आश्रुबानं पातेल्यात ओतलं. झोपलेलं लेकरू दुसऱ्याच्या मांडीवर द्यावं, तसं जपून. उरलेलं पिण्यासाठी ठेवलं. हे पातेलं करपलं, तर दुसरं चढवायला पाणी नव्हतं.

लेक आणि सून ऊसतोडीला कारखान्यावर गेलेले. दूध सोसायटीचे कॅन ओट्यावर उपडे पडलेले, सगळ्या गावाची दुपार त्यांच्यात घुमत होती. घरात दोघंच. आश्रुबा, आणि ताप उतरला तरी अन्नावरची वासना उडालेली त्याची बायको विमलबाई. भाकरी तिच्या घशाखाली उतरत नव्हती. शेजारची सारजाबाई सकाळी बजावून गेली होती, "भाऊजी, आज पोटात काय गेलं न्हाई, तर हिला बीडच्या दवाखान्यात न्यावं लागंल. ज्वारीच्या कण्या शिजवा मऊ. गिळंल ती." बीडचं नाव ऐकून विमलबाईनं भिंतीकडं तोंड फिरवलं होतं.

आश्रुबानं जन्मात कधी चुलीपुढं बूड टेकलं नव्हतं. त्यात सुनेचा हा गॅस.

पाण्याला उकळी आली. त्यानं भिजवलेल्या कण्या आत सोडल्या. पांढरा फेस फुगत फुगत काठावर चढला आणि शेगडीवर सांडला.

"उतू चाललंय," खाटेवरून विमलबाई म्हणाली. डोळे मिटलेलेच. "बारीक करा."

त्यानं बटण मागं फिरवलं. जाळ फक्कन गेला.

"इझला न्हवं?"

"तुला कसं कळलं?"

"पातेलं गप झालं. आवं, मागं फिरवलं की बंद होतंय. बारीक करायचं तर आजून फुडं न्यायचं."

"उफराटंच हाय. बैल हळू करायचा तर कासरा मागंच वढतेत."

"मग बैलावर शिजवा."

आश्रुबानं काडी ओढली. बटण पुढं नेलं, आणखी पुढं. जाळ आधी फुलला, मग आकसला, आणि पातेल्याखाली जवसाच्या फुलांचं निळं कडं तेवढं राहिलं.

"आता ऐका. खदखदतंय का?"

त्यानं कान लावला. काठाशी एक बुडबुडा यायचा, जरा थांबायचा, फुटायचा. "न्हाई. तोंडात सुपारी धरून कुणीतरी बोलतंय, तसं वाटतंय."

"हां, तसंच बोलू द्या. खदखदलं की पाणी उडून जातंय. खाली करपतंय आन् दाणा कच्चाच. ताटली झाका, जरा फट ठेवून. ताटलीत घोटभर पाणी ठेवा. आत कमी पडलं तर तेच ऊन पाणी सोडायचं, गार न्हाई. आन् मधून मधून पळी तळाला लावून फिरवा."

त्यानं सगळं तसंच केलं. विमलबाई ओठांतल्या ओठांत गुणगुणू लागली.

*बारीक जाळावर, कण्या बाई शिजत्यात*
*रुसल्या सोयऱ्यावानी, हळूहळू भिजत्यात*

पातेलं बोलत राहिलं. पाणी नसलेल्या घरात तेवढाच पाण्याचा आवाज. आश्रुबाला वाटलं, भिंतीपलीकडच्या आटलेल्या विहिरीत झरा जागा झालाय. पायऱ्यांवरून पाणी वर येतंय, एक पायरी, मग दुसरी. त्याला वास आहे ओल्या दगडाचा. बैल माना वाकवून पितायत आणि पाण्यावर त्यांच्या श्वासाच्या चकत्या उमटतायत. ओवी कधी थांबली, त्याला कळलं नाही.

मग झराही थांबला.

आश्रुबा डुलकीतून दचकून उठला. ताटली सारली. कण्यांनी सगळं पाणी पिऊन टाकलं होतं. ताटलीतलं वाफाळतं पाणी त्यानं आत सोडलं, पळी तळापर्यंत नेली. हाताला काही चिकटल्यासारखं लागेना. पातेलं पुन्हा पुटपुटू लागलं.

"करपलं?" विमलबाईनं विचारलं.

"न्हाई वाटतं."

"बोटात चेपून बघा. मधी खडा लागतोय?"

"जरासा."

"मग आजून ऱ्हाऊ द्या. घाई कावून?"

खडा लागेनासा झाला तेव्हा त्यानं गॅस बंद केला. वाटीत कण्या घेतल्या, मिठाची चिमूट टाकली. तिला भिंतीला टेकवून बसवलं, चमचा फुंकून तिच्या ओठांशी धरला.

विमलबाईनं घास तोंडात कितीतरी वेळ तसाच धरला. आश्रुबा तिच्या गळ्याकडं बघत राहिला. शीर हलली. घास खाली गेला.

"निस्तं बघत काय बसलाव," ती म्हणाली, आणि पुन्हा तोंड उघडलं.