शेवटची बोअर

पाणीसंस्थेची माणसं दारात आली तेव्हा मेस्त्री पंप पुसत बसला होता. त्यांच्यामागे खडीची हातगाडी होती. ती कशाला आली, हे त्याला सांगायची गरज नव्हती.

वस्तीची सामाईक विहीर आटत चालली होती. घरोघरच्या बोअर तिचं पाणी ओढत होत्या. मेस्त्रीच्या बायकोनंच ही संस्था उभी केली, दारोदार फिरून एकेक बोअर बुजवायला लावली. मुलाची लॉन्ड्री घरच्या बोअरवर चालायची. त्याला दुसरं काम बघायला वेळ मिळावा म्हणून "आमची शेवटी," असा शब्द तिनं सगळ्यांना दिला होता. मुलानं काम बघितलं नाही. आणि ती गेली.

"मेस्त्री, आता तुमचीच राहिली," संस्थेचा अध्यक्ष खाली बघत म्हणाला.

शेजारीण मात्र भीडभाड ठेवणारी नव्हती. "आमची बुजवताना वहिनी किती गोड बोलल्या! तुमची राहिली तर मी उद्या नवीन मारते, सांगून ठेवते."

मुलगा बाहेर आला. "काकू, माझी चूल या पाण्यावर पेटते."

"पाण्यावर चूल पेटवणारा तू पहिलाच रे बाबा!"

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"बाबा, आई असती तर थांबली असती," मुलगा म्हणाला.

ती थांबली नसती, हे मेस्त्रीला ठाऊक होतं. अंथरुणाला खिळल्यावरही ती विहिरीला पाणी किती, हेच विचारायची. लॉन्ड्रीचं कधी विचारलं नाही. त्याचा त्याला अजून राग होता.

"आधी घरचं बघ, असं मीही तिला सांगायचो," तो म्हणाला. मुलाच्या जिवात जीव आला. पण मेस्त्रीनं उठून पंपाची वायर सोडवली. "जिवंत असती तर भांडून शब्द मागे घ्यायला लावला असता. गेलेल्या माणसाशी भांडायचं कसं?"

पाईप त्यानं स्वतःच वर ओढून काढले. घरच्या माणसानं पहिलं घमेलं टाकायचं, असा संस्थेचा नियम होता. त्यानं ते टाकलं. खडी खोल खाली आपटत गेली.

तेवढ्यात सून धावत आली. कोपरापर्यंत फेस. "बाबा, चादरी साबणातच आहेत हो! निदान तेवढ्या खळबळून घेऊ द्यायच्या."

मेस्त्री रिकामं घमेलं हातात धरून उभा राहिला.

मुलानं यंत्रं टेम्पोत चढवली आणि बायकोला घेऊन दुसऱ्या गावी गेला. जाताना बापाशी बोलला नाही.

त्या उन्हाळ्यात विहीर आटली नाही. संस्था माणशी दोन बादल्या पाणी द्यायची. वाटपाला शेजारीण होती. मेस्त्रीचा नंबर आला तेव्हा तिनं सगळ्यांना विचारायची तसंच विचारलं, "घरात माणसं किती?"

"एक."

तिनं दोन बादल्या भरल्या. मग इकडेतिकडे बघून तिसरीही भरायला घेतली.

"नको," मेस्त्री म्हणाला, आणि दोनच उचलून चालू लागला.